पहिलीत 'मागे' असलेली आपण पोरं, पुढे काय झालं?

अंगणातली_जाई

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

लेक पहिलीत आहे. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. शाळा मराठी माध्यमाची, पायी जाण्याइतकी जवळ, हौसेने निवडलेली. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली. बाईंनी वही पुढे सरकवली. फळ्यावरचे चार शब्द उतरवायचे असतील तर हिचे दोन होतात. ३ काढायला सांगितला की निम्म्या वेळा ६ उमटतो. पेन्सिल इतकी दाबते की मागच्या पानावर खड्डे. बाई प्रेमळ आहेत, तक्रार नाही. पण म्हणाल्या, "गोड आहे हो, पण वर्गाच्या मागे आहे. जमलं तर एक वर्ष परत मोठ्या गटात बसवा, पाया पक्का होईल."

लेकीचा वाढदिवस डिसेंबरच्या मध्यात. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ पूर्ण चालतात, त्यामुळे जूनमध्ये वर्गात बसली तेव्हा ती साडेपाचची होती. शेजारी बसणारी मैत्रीण जानेवारीची, म्हणजे हिच्याहून अकरा महिन्यांनी मोठी. ती सुरेख लिहिते. हिला पण ते दिसतं, आणि रात्री झोपताना "मी ढ आहे का गं?" येतं. हा शब्द हिने आणला कुठून देव जाणे, घरात कोणी वापरत नाही.

घरात दोन तट. सासूबाई म्हणतात, बसवा परत, कुठे गाडी सुटतेय. माझे वडील म्हणतात, अजिबात नको. त्यांचं स्वतःचं प्रकरण मजेशीर आहे. जन्म पोळ्याच्या आसपासचा, साल आजीला नीट आठवत नाही. गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहून टाकला आणि वर्षही सोयीचं घातलं. म्हणजे कागदावर बाबा खऱ्यापेक्षा मोठे. सगळी शाळा थोरल्यांच्या बरोबरीने काढली, पहिल्या दोन यत्तांत मार खाल्ला, आणि शेवटी त्याच कागदामुळे नोकरीतूनही लवकर घरी आले!

तर प्रश्न असा. ज्यांना पहिली-दुसरीत ढ, मंद, लक्ष नाही असलं काही चिकटलं होतं त्यांनी सांगा, आज मागे वळून बघता ते नक्की काय होतं? आणि कोणी केलेली कुठली गोष्ट खरंच कामाला आली? "आमचा पण असाच होता, आता अमेरिकेत आहे" छाप प्रतिसाद नकोत, प्रेमाने सांगतेय. असे फॅमिली ग्रुपवर ढिगाने आलेत.

मिसळ_बिन_कांदा

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाबांचा १ जून वाचून हसलो. आमच्या घरात तीन काका आणि एक आत्या, चौघांचे वाढदिवस १ जूनला. आजीची केवढी सोय.

खडू_फळा

जाई, मी पंचवटीत महानगरपालिकेच्या शाळेत बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात पहिलीतल्या मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती वाट मोकळी केली, पहिलीला नाही. म्हणजे शाळा सुचवू शकते, लादू शकत नाही. निर्णय तुमचा. बाईंनी लेखी काही दिलं नसेल तर त्यामागे हेही असेल.

आता वयाचं. सहा वर्षांच्या पोराच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. चाळिशीच्या माणसाला हा हिशेब लावला तर त्याला सेहेचाळिशीच्या माणसाच्या अनुभवाशी तोलण्यासारखं होईल. मी दर जूनमध्ये हजेरीपटाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने जन्ममहिने लिहून ठेवायचो. ऑक्टोबरमध्ये 'कच्ची' म्हणून जी नावं निघायची ती बरीचशी त्या यादीत तळाला सापडायची. इतर देशांतल्या अभ्यासांतही हेच दिसलंय की वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या मुलांना 'चंचल', 'लक्ष नाही' हे शिक्के जास्त बसतात. आमच्या खात्यात याचं प्रशिक्षण कधी मिळालं नाही, पण पहिलीवर काही वर्षं काढलेल्या कुठल्याही बाईंना विचारा, त्या मान डोलावतील.

फरक बहुतेकांचा तिसरी-चौथीपर्यंत बुजत जातो. इथे एक मेख आहे. तो आपोआप बुजतो असं समजून जे पालक हातावर हात ठेवून बसतात त्यांची पोरं चौथीतही तिथेच दिसतात, कारण तोवर पुस्तक पुढे निघून गेलेलं असतं आणि वाचताच येत नसेल तर गणितातलं उदाहरणही कळत नाही. वर्गाची बरोबरी व्हायला वेळ द्यायचा, पण काम रोज थोडं करायचं.

करायचं काय? ग म भ न पासून धरा. हा क्रम जुन्या लोकांनी उगाच नाही लावला. एकाच वळणाची अक्षरं एकत्र शिकली की हात एकदाच वळवावा लागतो. पेन्सिल बाजूला ठेवा, ताटात रवा पसरा, बोटाने काढू द्या. मग पाटी. मग जाड पेन्सिल. वही सगळ्यांत शेवटी. ३-६ चा घोळ असेल तर जमिनीवर खडूने मोठा ३ काढून त्यावरून चालायला लावा. माझ्या वर्गातल्या फरशीवर हे आकडे वर्षभर असायचे, झाडूवाल्या मावशी वैतागायच्या.

आणि "हुशार आहेस" म्हणू नका. काय जमलं ते सांगा. "काल क ची गाठ उलटी होती, आज सरळ आली." एवढंच. पोरगं लगेच दुसरा क काढून दाखवतं.

सिडकोचा_सिकंदर

सगळं ठीक आहे, पण हल्ली जरा जास्तच कौतुक चाललंय पोरांचं. आम्हाला गुरुजींनी हिरव्या फोकाने सडकलं, अंगठे धरून उभं केलं, पाढा चुकला की बोटांत पेन्सिल घालून दाबली. काही बिघडलं का? २९ चा पाढा झोपेत विचारा. आज स्वतःचा धंदा आहे, अंबडला दोन गाळे आहेत. मुलांना थोडी भीती हवीच.

अंगणातली_जाई

सिकंदरदादा, लेक पाढ्यापर्यंत आलेलीच नाही अजून, तुमचा फोक थोडे दिवस राहू द्या. 🙂

गुरुजी, रव्याचं ताट आजच काढते. खूप आभार.

निफाडी_पाणी

सिकंदरशेठ, तुमच्याशी वाद घालायचा नाही. पण 'काही बिघडलं का' हा प्रश्न आपण ज्यांना विचारतो ते सगळे शाळा संपवून इथवर आलेले असतात. ज्यांचं बिघडलं ते या धाग्यावर लिहायला आलेले नाहीत.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, निफाड तालुक्यात. दोन खोल्या, चार वर्ग, दोन गुरुजी. पहिली आणि तिसरी एका खोलीत, तिसरीला गणित घालून दिलं की गुरुजी पहिलीकडे वळायचे. त्यामुळे आम्ही पहिलीतच तिसरीच्या कविता पाठ केल्या होत्या हा एक फायदा. बाहेर डाव्या हाताला पाण्याची टाकी, उजव्या हाताला आमच्याच भावकीतली द्राक्षबाग.

दुसरीत माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. आईबाप सुरगाण्याकडून मजुरीला आलेले, ऑक्टोबर छाटणीला यायचे आणि माल निघाला की शिमग्याच्या सुमारास परत जायचे. शाळा घराच्या म्हणजे बागेतल्या खोपीच्या शेजारीच म्हणून त्याला आणून बसवायचे. वर्गात तो तोंड उघडत नसे. पुस्तकातली मराठी त्याची घरची भाषा नव्हती, घरी ते कोकणा बोलायचे. गुरुजी प्रश्न विचारायचे, हा जमिनीकडे बघायचा. शेरा ठरलेला: मठ्ठ.

हाच मुलगा संध्याकाळी बागेत बापाच्या हाताखाली असायचा. थिनिंगच्या, म्हणजे घड विरळ करायच्या वेळी एका वेलीवर किती घड ठेवायचे, किती तोडायचे, एका ओळीत किती वेली, म्हणजे आज किती हात मारायचे, हा सगळा हिशेब तो तोंडी करायचा आणि मुकादम त्याला विचारून खात्री करून घ्यायचा. मी बागमालकाच्या घरातला, मला तो हिशेब बोटांवर पण येत नसे. वर्गात मी हुशार आणि तो मठ्ठ.

तेव्हा नुकतं १९९५ ला पोषण आहाराचं सुरू झालं होतं. शिजवलेली खिचडी नंतर आली, तेव्हा महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचे आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. अर्ध्या वर्षात गाव बदलणाऱ्या पोराची हजेरी भरणार कुठून? तिसरीत तो आला नाही. पटावर नाव पुढे बराच काळ होतं.

जाईताई, तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर हे नाही, कल्पना आहे. पण 'मागे वळून बघता ते नक्की काय होतं' असं विचारलंत म्हणून लिहिलं. त्याच्या बाबतीत ते भाषा आणि छाटणीचं कॅलेंडर होतं. बुद्धीचा संबंध नव्हता.

बागलाणकर

निफाडकर, जबरदस्त लिहिलंय.

आमच्याकडे सटाण्याला घरात अहिराणी. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, नाव काय? मी सांगितलं. पुढचं काहीतरी विचारलं त्याला "माले नही येस" म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. हसणाऱ्यांच्या घरी पण अहिराणीच होती हो! फक्त ते आधी शहाणे झाले होते. त्यानंतर दुसरीच्या दिवाळीपर्यंत मी वर्गात बोललो नाही. आई सांगते, घरी येऊन मात्र गायीला सगळा धडा शिकवायचो.

कामाला काय आलं? बदलून आलेले एक गुरुजी स्वतः धुळ्याकडचे निघाले. आम्ही अहिराणीत गोष्ट सांगायची आणि ते फळ्यावर प्रमाण मराठीत लिहायचे. चार-पाच गोष्टींत लक्षात आलं की आपल्याला दोन्ही येतंय. बस. बाकी काही जादू नाही.

बाळगुटी

बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस. इथे तपासणी होत नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहिते.

१. साडेपाच-सहाच्या वयात अक्षर-आकडे उलटे काढणं अगदी सर्रास असतं. सातपर्यंत बहुतेकांचं जातं. ३ आणि ६ तर एकमेकांचे आरशातले आहेत, त्यात पोराचा काय दोष.

२. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चाच असतात, एकेक करत पक्की होत जातात आणि शेवटचं हाड तर नऊ ते बाराच्या दरम्यान कधीतरी. जोर लावून पेन्सिल दाबणं, लवकर हात दुखणं हे या वयात होतंच. कणीक मळू द्या, कपडे पिळू द्या, मटार सोलू द्या. सुलेखनाच्या वह्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

३. सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे कोणीच पहिल्यांदा करत नाही. डोळे आणि कान तपासा. 'फळ्यावरचं उतरवत नाही' या तक्रारीसह आलेल्या मुलांत फळा दिसतच नसलेली मुलं मी कितीदा बघितली आहेत. पोराला माहीतच नसतं की इतरांना दिसतं. कानाचं तसंच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते हट्टी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून तपासणीला येतात, पण त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर वर्ष गेलं.

अवांतर: या धाग्यावर पाटीवरची पेन्सिल खाणारे किती आहेत? खरं सांगा.

मिसळ_बिन_कांदा

🙋 पांढरी नाही आवडायची. करड्या रंगाची, जरा मऊसर, ती. पावसाळ्यात विशेष. वास अजून आठवतो.

बागलाणकर

मी पण. खडू पण चालायचा. भिंतीचा पोपडा पण.

बाळगुटी

हसू नका, हे सांगायचंच होतं. माती, खडू, पेन्सिल खाण्याची ओढ लागली की पुष्कळदा रक्तात लोह कमी असतं. आणि लोह कमी असलेलं मूल पेंगतं, चिडतं, लवकर दमतं. म्हणजे आपल्या पिढीतल्या बऱ्याच 'आळशी' पोरांना छडीऐवजी लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध मिळायला हवं होतं. आता शाळांत देतात ते याचसाठी. मुलांना शाळेत "मला नको" म्हणायला शिकवू नका.

सिडकोचा_सिकंदर

डॉक्टर, पेन्सिल मी पण खायचो. 😄 फोकाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

खडू_फळा

सिकंदर, मताला बंदी नाही, फोकाला आहे. त्याच कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही. २९ चा पाढा तुम्हाला येतो कारण तुम्ही तो पुढे दुकानात रोज वापरलात.

निफाडकरांच्या मित्राबद्दल. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतायत तिथेच शिकवायचं. पोरगं वर्गात गप्प का, याचं उत्तर त्यांनी पोराच्या डोक्यात शोधलं नाही, त्याच्या दिवसभराच्या कामात शोधलं. आता स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावी गेला तरी वर्गात बसवून घेतलं पाहिजे. कार्ड हातात किती जणांच्या असतं हा वेगळा विषय, त्यावर नवा धागा काढा कोणीतरी.

डावखुरा_डॉन

आजवर वाचनमात्र होतो, आज खातं उघडलं.

मी डावरा. आजीने जेवायचा हात उजवा करून घेतला, ते ठीक. पण पहिलीत बाईंनी लिहायचा हात पण बदलला. डावा हात बाकाखाली ठेवायचा, वर आला की फूटपट्टी. उजव्याने लिहायला लागलो ते इतकं सावकाश की उताऱ्याच्या वेळी अर्धा फळा पुसला गेलेला असायचा. प्रगतिपुस्तकात तीन वर्षं एकच ओळ: 'लेखनाचा वेग वाढवावा'.

चौथीत नवीन बाई आल्या. त्यांनी काय केलं तर मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. डावरा मुलगा मध्ये किंवा उजवीकडे बसला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागतं, दोघांचं अक्षर बिघडतं, भांडणं होतात आणि मार डावऱ्याला. टोकाला बसवल्यावर म्हणाल्या, "ज्या हाताने चेंडू फेकतोस त्याने लिही." वही थोडी उजवीकडे कलती ठेवायला शिकवलं, म्हणजे ओलं लिखाण हाताखाली पुसत नाही. तिमाहीपर्यंत वेग आला.

बाईंनी माझं एकदाही कौतुक केल्याचं आठवत नाही. कडक होत्या. जागा बदलली, बस.

अंगणातली_जाई

डॉन, हे वाचून वर्गातली बैठक आठवली. लेक शेवटून दुसऱ्या बाकावर आहे, भिंतीकडे. उंच आहे म्हणून मागे. सोमवारी आधी हे विचारते.

एके_काळची_स्कॉलर

उलट बाजूने लिहू का? मी 'हुशार'वाली.

चौथीची स्कॉलरशिप (तेव्हा चौथी आणि सातवीला असायची, पाचवी-आठवीला २०१६-१७ पासून झाली होती). पहाटे जादा तास, स्वेटर घालून सायकलवर डबलसीट, बाबा प्रेसमधून रात्रपाळी करून आलेले तरी सोडायला यायचे. जिल्ह्याच्या यादीत नाव आलं. मग काय, पुढची सहा वर्षं मी हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत सगळीकडे 'ती हुशार'. कोणी कधी विचारलं नाही की तुला काय आवडतं.

याचा परिणाम असा की मी जमणार नाही असं काही हातातच घेतलं नाही. चित्रकला सोडली कारण शेजारची माझ्याहून बरी काढायची. पोहणं सोडलं. अकरावी सायन्सला पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात गटांगळी खाल्ली आणि मला प्रामाणिकपणे वाटलं की आतापर्यंत सगळ्यांना फसवलं, आज पकडले गेले. अभ्यास वाढवायचा असतो हे सुचलंच नाही, कारण हुशार मुलीला तो करावा लागतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. सावरायला पदवीपर्यंत वेळ गेला.

म्हणून जाई, जानेवारीत जन्मलेल्या त्या सुरेख अक्षरवाल्या मैत्रिणीच्या आईला पण हा धागा पाठव. गुरुजींचं 'क ची गाठ' तिलाही लागू आहे.

तिळातिळाने

सगळे प्रतिसाद छान आहेत, एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. 'वय वाढलं की होईल' हे सगळ्यांचं होत नाही.

आमच्या मुलाला आम्ही दुसरीपर्यंत असंच वेळ दिला. रवा, पाटी, खडू सगळं. तोंडी सगळं यायचं, गोष्ट ऐकून शब्दन् शब्द सांगायचा, पण वाचताना 'कमल' चं 'मकल'. तिसरीत तपासणी करून घेतली. अध्ययन अक्षमता निघाली. आमच्याकडे रडारड झाली, खोटं कशाला बोलू. पण नाव कळल्यावर घरातली मारामारी थांबली. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा, परीक्षेत जादा वेळ, गरज पडली तर लेखनिक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे धरलेलं आहे, दहावी बोर्डातही सवलती आहेत. प्रमाणपत्राचे हेलपाटे आहेत, पण मिळतं.

सहाव्या वर्षी हे निदान सहसा करत नाहीत, साधारण आठच्या आसपास करतात, त्यामुळे जाईताईंनी आत्ता घाबरायचं काही कारण नाही. फक्त दुसरीच्या शेवटी जोडाक्षरं सोडा, साधे दोन अक्षरी शब्दही अडत असतील तर 'होईल होईल' वर थांबू नका. आणि घरात कोणाला असंच होतं का ते विचारा. माझ्या वडिलांनी सातवीत शाळा सोडली होती, उत्तम सुतार होते. आता वाटतं, त्यांनाही हेच असावं. त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं की आपल्याला डोकं नाही. ज्या माणसाने कागदावर न लिहिता अख्ख्या वाड्याचा जिना मापात बसवला, त्याला!

बाळगुटी

तिळातिळाने, +१००. हे माझ्याकडून यायला हवं होतं, तुम्ही चांगलं लिहिलंत.

टीईटी_पीडित

जिल्हा परिषद शाळेत शिकवते, दिंडोरी तालुका. दोन गोष्टी पटकन.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी फार मनावर घेऊ नका. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, व्हॉट्सॅपवर पीडीएफ फिरतात. 'अभ्यासात सातत्य आवश्यक' हे वाक्य महाराष्ट्रातल्या अर्ध्या पोरांच्या पुस्तकात सापडेल. बाईंना तोंडी विचारा: माझं मूल वर्गात कशात रमतं? याचं उत्तर ज्या बाई लगेच देतात त्या बाई मुलाला ओळखतात.

दुसरं, मोठ्या गटात परत बसवल्यावर मैत्रिणी पुढे जातात. सहा वर्षांच्या मुलीला पाया-बिया कळत नाही, मैत्रिणी गेल्या एवढं कळतं. शारीरिक काही अडचण नसेल तर मी तरी बसवणार नाही.

सासू_पण_कधीतरी_सून_होती

जाई, तुझ्या सासूबाई म्हणतात त्यातही तथ्य आहे गं, एकदम उडवून लावू नकोस. माझ्या धाकट्याला आम्ही बालवाडीतच एक वर्ष जास्त ठेवला होता, पहिलीत घालायच्या आधीच. वर्गात सगळ्यांत मोठा, त्यामुळे आरामात गेला. फरक एवढाच की एकदा शाळेत जायला लागल्यावर मागे आणला नाही. पुढच्या नातवंडांच्या वेळी ३१ डिसेंबरच्या मागे धावू नका, थांबायचं तर आधी थांबा.

आणि सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बालविभाग आहे, नाव घाल तिचं. १८४० सालची संस्था आपल्या गावात आहे आणि पोरं मोबाईल बघतायत. पुस्तक तिने निवडायचं, वाचायचं तू. आमच्या सासूबाई दुपारी वाचून दाखवायच्या, त्यातच थोरला शब्द ओळखायला लागला, शिकवला कोणी नाही.

अंगणातली_जाई

सगळ्यांचे आभार. दोन-तीन प्रतिसाद वाचून रडले, ते कोणते हे विचारू नका.

प्रगती अशी: डोळे तपासले, ठीक आहेत. थोडी निराशाच झाली, वाटलं होतं चष्म्यावर भागेल. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. सर्दी हिला कायम असते, त्यामुळे बाळगुटींचा तो मुद्दा डोक्यात बसलाय. बाईंना भेटले. परत मोठ्या गटात बसवणार नाही असं सांगितलं. त्यांनी ताणलं नाही, उलट जरा हायसं वाटल्यासारख्या दिसल्या. बाक बदलून दिला, दुसऱ्या रांगेत. टीईटीताईंचा प्रश्न विचारला, तर ताबडतोब म्हणाल्या, "गोष्ट सांगायला उभी केली की खाली बसत नाही. मधल्या सुट्टीत लहान मुलं हिच्याभोवती जमतात." हे मला माहीतच नव्हतं, आणि त्यांनीही पालकसभेत सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना 'सासू_पण' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "बघ, मी काय म्हणत होते" म्हणाल्या. सध्या कणीक मळायचा ताबा नातीकडे दिलाय, पोळ्या कशा होतात ते विचारू नका.

एक शंका राहिली. गुरुजी, पाटी कुठे मिळते हो आता? इंदिरानगरात दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे पांढरे बोर्ड आणि मार्करच आहेत.

खडू_फळा

मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजूला जुन्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारा. दगडी मागा, पत्र्याची नको. पत्र्यावर पेन्सिल घसरते, हाताला अडथळा मिळत नाही. लाकडी चौकट हाताने चाचपून घ्या, कूस निघालेली असते.

मिसळ_बिन_कांदा

आणि पेन्सिलीचा डबा उंचावर ठेवा. करड्या असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.